फ्लोअर टॉमची आस

पंखा बंद करा. रस्त्याचा आवाज येत असेल तर खिडकीही लोटून घ्या. सेटमधला फ्लोअर टॉम एकटाच बाहेर काढून खोलीच्या मधोमध, भिंतींपासून दूर ठेवा. हेडवर कुणी कधीकाळी टेपचे किंवा जेलचे तुकडे चिकटवले असतील तर ते काढून टाका. स्नेअर जवळपास असेल तर त्याच्या तारा सोडवून ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला त्या थरथरतील आणि टॉमचा आवाज कुठे संपला ते कळणार नाही. ड्रमची किल्ली अजून खिशातच असू द्या.

आता एकच ठोका. मधोमध, बेताचा, काठी पडून आपणहून वर उसळेल इतकाच. ठोका दिला की हात मांडीवर. आवाज पुरता संपेपर्यंत हलू नका.

पुन्हा एकदा. या वेळी ठोका विसरून जा. काठी हेडला लागते तो क्षण ऐकायची आपल्याला इतकी सवय असते की त्यामागून येणारं कानावर पडूनही लक्षात राहत नाही. तबल्याच्या तालमीत ज्याला आस म्हणतात, बोल वाजून गेल्यावर मागे रेंगाळणारा नाद, तो इथेही आहे. त्याच्या मागोमाग जा. तो सावकाश विरत जातो, की मध्येच तुटतो? विरताना सरळ विरतो, की हेलकावे खातो? सुरुवातीला एक स्वर होता आणि शेवटी दुसराच ऐकू येतो, असं होतंय का? उत्तराची घाई नाही. आणखी एक ठोका द्या, मग आणखी एक. दोन ठोक्यांमध्ये भरपूर वेळ जाऊ द्या.

फ्लोअर टॉम नीट लागत नाही ही तक्रार ड्रम वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी येते. छोटे टॉम गोड वाजतात, बास ड्रम भरदार वाजतो, आणि टॉममधला हा सगळ्यांत मोठा मात्र थप्प करून गप्प बसतो. मग किल्ली निघते आणि आवळाआवळ सुरू होते. किंवा नवं, महाग हेड आणलं जातं. या बाबतीत माझी एक ठाम समजूत झाली आहे आणि आजची बैठक तिच्यासाठीच आहे. आस ड्रममध्ये बाहेरून घालावी लागत नाही. लाकडाचं गोल खोड म्हणजे शेल, त्याच्या दोन्ही तोंडांवर ताणलेली दोन हेडं आणि मध्ये कोंडलेली हवा, एवढ्यावर तो घुमायला तयारच असतो. काहीतरी त्याला अडवत असतं. ते कुठे अडवतंय हे आधी कानाने शोधायचं. किल्लीचं काम त्यानंतरचं.

पहिला अडथळा हेडवर नाहीच, जमिनीवर आहे.

ठोक्याबरोबर ड्रममध्ये जी ताकद शिरते ती कुठे जाते, याचा क्षणभर विचार करा. काही हवेत जाते. आपण ऐकतो ती हीच. काही हेडच्या प्लॅस्टिकमध्येच जिरते. आणि काही शेलमध्ये, शेलला धरून असलेल्या तीन पायांमध्ये आणि तिथून फरशीत उतरते. फरशीत गेलेली ताकद परत येत नाही. घरातल्या कुणाला तरी दोन्ही हातांनी वरचा हूप, म्हणजे हेड दाबून ठेवणारं कडं, धरून टॉम जमिनीपासून चार बोटं उचलायला सांगा. तो अधांतरी असताना ठोका द्या आणि शेवटपर्यंत ऐका. मग टॉम खाली ठेवायला सांगा आणि तसाच, तेवढ्याच जोराचा ठोका द्या.

हा फरक ज्याने एकदा ऐकला तो फ्लोअर टॉमच्या पायांकडे पुन्हा दुर्लक्ष करत नाही. अधांतरी असताना जो नाद खोलीभर पसरून सावकाश बुडत होता, तो फरशीवर टेकताच आखडून येतो. पायांच्या टोकांची रबरं जुनी झाली की दगडासारखी कडक होतात, मग तर विचारूच नका. काही कंपन्या हल्ली आतून पोकळ, दबणारी रबरं देतात ती यासाठीच. ती मिळाली नाहीत तरी अडत नाही. जाड स्पंजचे तीन तुकडे, नाहीतर जुन्या हवाई चपलेचा तळवा कापून केलेले तीन तुकडे पायांखाली सरकवा आणि परत ऐका. स्पंज मऊ असल्याने तो जास्त चांगला, फक्त टॉम डुगडुगणार नाही इतकं पाहा. या घटकेला किल्लीला हातही लावलेला नाही आणि टॉम बदललेला आहे. पुढे जाण्याआधी त्या बदललेल्या आवाजात थोडा वेळ बसा.

आता किल्ली काढा. वरचे आणि मग खालचे रॉड, म्हणजे हेडला ताण देणारे लांब स्क्रू, थोडे थोडे, सगळीकडून सारखे सैल करत जा. एक पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घातला तर हूपवर एकाच बाजूने ताण येतो. सोळा इंची टॉमला बहुतेक वेळा वर आठ आणि खाली आठ रॉड असतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांचे काही रॉड करकरत निघतील. दमट हवेत आटे गंजतात. प्रत्येकाचे आटे कापडाने पुसा, एकेक थेंब तेल सोडा. करकरणारा रॉड किल्लीला खोटं सांगतो. हाताला वाटतं ताण वाढला, आणि वाढलेलं असतं फक्त घर्षण.

दोन्ही हेडं उतरली की शेल उघडा पडतो. मेपल असो, बर्च असो, पॉप्लर असो, त्याची वरची कड पाहा. तिथे लाकूड उतरतं तासलेलं असतं, पुष्कळदा 45 अंशांत, आणि हेड टेकतं ते अगदी बारीक रेघेवर. डोळे मिटा. तर्जनीचं टोक त्या रेघेवर ठेवा आणि पूर्ण फेरी होईपर्यंत सावकाश फिरवा. सोळा इंची टॉमचा हा परीघ सुमारे 128 सेंटिमीटर भरतो. मधे बोट अडखळेल तिथे थांबा. कधी वाळलेला गोंद असतो, कधी प्रवासात लागलेली बारीकशी खाच, कधी नुसता धुळीचा थर. धूळ आणि गोंद तुम्ही काढू शकता. कड सपाट आहे का हे पाहायचं असेल तर जाड काचेच्या टेबलावर शेल पालथा ठेवा, आत टॉर्च लावा आणि दिवे मालवा. कडेखालून कुठे प्रकाशाची फट दिसली तर तिथे हेड लाकडावर नीट टेकत नाही. फट मोठी असेल तर घरी कानस चालवू नका. हे काम जाणत्या कारागिराचं आहे. एकदा जास्त उतरलेलं लाकूड परत भरून येत नाही.

या कडेवर पूर्वी कातडं बसत असे. कातड्याला पाऊस कळतो. आपल्याकडे हलगीवाले वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतात, दमटपणा गेला की ती खणखणू लागते. परदेशातल्या ड्रमवाल्यांच्या वासराच्या कातड्याचं दुखणं वेगळं नव्हतं; संध्याकाळी लावलेला ड्रम हवा बदलली की उतरायचा. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी मायलार नावाच्या पॉलिएस्टरची हेडं बाजारात आणली आणि ड्रमवाल्यांची हवामानाशी चाललेली झटापट पुष्कळ कमी झाली. तुमच्या हातातलं हेड त्याच वंशातलं आहे. ते उजेडाकडे धरून पाहा. मधला भाग काठ्यांनी खळगे पडून चांदीसारखा चमकत असेल, तर त्याचा ताण मध्यभागी मेलेला आहे. असं हेड कितीही प्रेमाने लावलं तरी घुमणार नाही, ते बदला. खळगे नसतील तर त्याला आज एक संधी द्या.

सुरुवात खालच्या हेडपासून. त्याला काठी कधीच लागत नाही, म्हणून ते विसरलं जातं. शेल उलटा करून सतरंजीवर ठेवा. हेड बसवा, त्यावर हूप ठेवा, आणि आठही रॉड बोटांनी फिरतील तेवढेच फिरवा. किल्ली नको.

इथे थोडं थांबून एक गोष्ट आठवण्यासारखी आहे. अमेरिकेत पहिल्या पिढीतल्या ड्रमवाल्यांकडे जे टॉम होते ते चिनी घाटाचे, कातडं खिळ्यांनी ठोकलेले. ते लावायचे म्हणजे शेकायचे; दुसरा उपाय नव्हता. ड्रमवादक जीन क्रुपाने आग्रह धरला आणि 1930च्या दशकाच्या मध्यावर स्लिंगरलँड कंपनीने वरून आणि खालून, दोन्हीकडून ताण बदलता येईल असे टॉम बनवले. 1937 साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केलेलं ‘सिंग, सिंग, सिंग’ काढून ऐका. क्रुपा फ्लोअर टॉमवर जो ठेका धरून बसतो, तो नुसता खालचा आवाज नाही, त्याला स्वराचा रंग आहे. खालचं हेड वादकाच्या ताब्यात आल्यावर काय होतं ते तिथे कळतं. तुमच्या समोर उलटा पडलेला टॉम त्याच मांडणीचा आहे: खालची बाजू उघडी, आणि किल्ली तुमच्या हातात.

तर आता किल्ली. गाडीच्या चाकाचे नट जसे समोरासमोरचे आवळतात तसंच इथे करायचं; एक रॉड, मग बरोबर त्याच्या समोरचा. प्रत्येकाला अर्धा फेरा. सगळे आठ झाले की पुन्हा अर्धा. हेडवरच्या सुरकुत्या हळूहळू कडेकडे सरकतील आणि नाहीशा होतील. मधोमध तळहात ठेवून हलका दाब द्या. नवं हेड असेल तर कडाडल्यासारखा आवाज येईल, घाबरू नका; हेडच्या स्वतःच्या कड्यातला गोंद जागेवर बसतो आहे. हाताखाली कुठे सुरकुती उमटली तर त्या बाजूला ताण कमी आहे.

इथून पुढे पाव फेरा. त्याहून जास्त कधीही नाही. बहुतेक ड्रमच्या रॉडला एका इंचात 24 आटे असतात. म्हणजे पूर्ण एक फेरा दिला की हूप जेमतेम एक मिलिमीटर खाली येतो, आणि पाव फेऱ्याला सुमारे पाव मिलिमीटर. तुमचं हेड एकपदरी मध्यम जाडीचं असेल तर त्याची स्वतःची जाडीही जवळपास तेवढीच असते. किल्लीच्या एका छोट्याशा वळणाने हूप हेडच्या जाडीएवढा सरकतो, आणि तेवढ्याने स्वर स्पष्ट बदलतो. किल्ली फिरवताना हे मनात असू द्या. मनगट आपोआप हळू होतं.

आता या सगळ्या बैठकीचा जो गाभा आहे तो येतो. घाई करायची असेल तर इतर कुठेही करा, इथे नको.

टॉम सतरंजीवर आहे, त्यामुळे पलीकडची बाजू मुकी आहे आणि फक्त हे एकच हेड बोलतं आहे. एका रॉडसमोर, कडेपासून साधारण इंचभर आत, बोटाने किंवा काठीच्या टोकाने टिचकी मारा. मधोमध दुसऱ्या हाताचं बोट अलगद टेकवा, म्हणजे खालचा घुमार बाजूला होईल आणि टिचकीचा स्वर उघडा पडेल. तो स्वर तोंडाने गुणगुणा. हळू, ओठ मिटूनच. सा म्हणा त्याला. मग पुढच्या रॉडसमोर टिचकी. तोच सा आहे का? थोडा चढा? थोडा उतरलेला? लगेच किल्ली लावू नका. आधी आठही ठिकाणी फिरून या. सोळा सेंटिमीटरच्या अंतरावर बसलेले हे आठजण काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या.

पहिल्या फेरीत गोंधळ होतो, तो होऊ द्या. दुसऱ्या फेरीत दोन ठिकाणं वेगळी जाणवतात. तिसऱ्या फेरीला कळतं की त्यातलं एक ठिकाण खरंच उतरलेलं आहे आणि दुसरं उतरलेलं नसून त्याच्या समोरचं चढलेलं आहे. ताण हेडभर पसरतो. एका रॉडला दिलेला पाव फेरा शेजारच्यांनाही लागतो आणि समोरच्यालाही. म्हणून दोषी वाटणाऱ्या रॉडला हात लावण्याआधी त्याच्या समोरच्याकडे जा आणि तिथे ऐका. जो उतरला आहे त्याला वर घ्या. जो चढला आहे त्याला आधी हवं त्याहून थोडं खाली सोडा आणि मग चढत स्वरावर आणा. उतरत येऊन थांबलेला रॉड आट्यांत सैल बसतो आणि वाजवता वाजवता पुन्हा उतरतो.

पावाचा अर्धा फेरा. टिचकी. गुणगुण. पुन्हा टिचकी.

कान थकला की उठा, पाणी प्या, परत या. थकलेल्या कानाला सगळेच स्वर सारखे वाटतात.

हे आठजण एका स्वरावर आले की काय होतं? मघाशी पहिल्या ठोक्याच्या आशीत जे हेलकावे ऐकले असतील ते आठवा. ते याच बेबनावातून येतात. हेड थरथरताना एक थरथर अशी असते की मधून रेघ मारावी तसे त्याचे दोन भाग होतात. एक भाग वर जातो तेव्हा दुसरा खाली. ही रेघ उभी पडू शकते किंवा आडवी. ताण सगळीकडे सारखा असेल तर दोन्हींचा स्वर एकच येतो. एका बाजूला ताण थोडा वेगळा असेल तर उभीचा स्वर एक, आडवीचा किंचित दुसरा, आणि जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की तंबोऱ्याच्या न मिळालेल्या जोडीच्या तारांत ऐकू येतात तशी आंदोलनं ऐकू येतात. हीच अर्धी-अर्धी थरथर टिकाऊ असते. संपूर्ण हेड एकदम वर-खाली जातं ती थरथर हवेला जोरात ढकलते, म्हणून मोठी ऐकू येते आणि लवकर संपते. अर्धी वर, अर्धी खाली जाणारी हवेला कमी ढकलते, म्हणून तिची ताकद टिकते. आशीचा बराचसा भाग तिचा आहे. कडेजवळच्या टिचकीत मुख्यतः तीच ऐकू येते. तुम्ही आठ ठिकाणी कान लावून बसला होता ते तिच्यासाठी.

तबल्यावर वाढलेल्या कानाला इथे एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. इतकं करूनही फ्लोअर टॉम तबल्यासारखा स्वच्छ सुरात का बोलत नाही? साध्या गोल पडद्याच्या थरथरींचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1877च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या ग्रंथात मांडलं आहे. मूळ स्वर 1 धरला तर आदर्श पडद्याचे पुढचे स्वर 1.59, 2.14, 2.30 असे कुठेही पडतात. तारेसारखे 2, 3, 4 असे येत नाहीत. त्यामुळे ते एकमेकांत मिसळून एक सूर तयार होत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या मधल्या काळ्या शाईने नेमकं हे बदललं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, आणि 1934 साली सविस्तर मांडलं, की शाईच्या वजनामुळे पडद्याच्या पहिल्या नऊ थरथरी पाच सुरेल स्वरांत जमा होतात. आपल्या वाद्यकारांनी समीकरणाशिवाय, नुसत्या कानाने हे साधलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

फ्लोअर टॉमला शाई नाही. त्याच्याकडून तबल्याचा सा मागणं त्याच्यावर अन्याय आहे. पण तबल्याने घडवलेला कान त्याच्याकडे घेऊन गेलो तर त्याचं भलंच होतं. गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू मुंबईत तबल्यावर वाढले आणि पुढे जमिनीलगत बसून ड्रम वाजवणारे जगप्रसिद्ध वादक झाले. त्यांचं वादन लावा आणि टॉमच्या ठोक्यांमधल्या जागा ऐका. तिथे प्रत्येक नाद पुढच्याला जागा देऊन जातो.

आता टॉम सरळ करा आणि वरचं हेड घ्या. तीच पद्धत, तोच संथपणा, त्यामुळे पुन्हा सांगत नाही. दोन्ही हेडं आपापल्या जागी एकजीव झाली की टॉम पायांवर उभा करा, आणि मधोमध एक ठोका द्या.

आता दोघांच्या नात्याकडे लक्ष द्या. वरचं हेड दबलं की आतली हवा दबते, ती खालच्या हेडला ढकलते, ते परत हवेला ढकलतं. दोन्ही हेडं एका स्वरात असतील तर आस सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत स्वच्छ येते. खालचं हेड वरच्यापेक्षा चढं ठेवलं, म्हणजे वरचं सा धरून खालचं कोमल गंधारावर नेलं, तर आस थोडी आटोपशीर होते आणि ठोका जास्त उठून दिसतो. शुद्ध मध्यमापर्यंत नेलं तर आणखी. उलट खालचं सैल सोडलं की आवाज काळसर, खोल आणि आखूड होतो. माझ्या कानाला सोळा इंची टॉमवर खालचं हेड कोमल गंधाराच्या आसपास चढं ठेवलेलं सर्वांत बरं वाटतं. नाद पुरेसा टिकतो आणि आपल्याच मागच्या ठोक्यावर सांडत नाही. पण आज लांब आस ऐकायला बसलो आहोत, तेव्हा आधी दोन्ही एका स्वरात आणा. ती लांबी एकदा कानात भरून घ्या. मग खालच्या आठही रॉडना सारखाच, पावाचा अर्धा फेरा चढवत जा आणि प्रत्येक वेळी आस कशी आखडत जाते ते पाहा. कुठे थांबायचं ते तुम्हाला कळेल.

एक इशारा वरच्या हेडबद्दल. खोल आवाजाच्या हौसेने ते फार सैल ठेवलं जातं. सैल हेडवर जोरात ठोका पडला की ते क्षणभर ताणलं जातं, स्वर चढा निघतो आणि लगेच घसरतो. हा घसरणारा आवाज काहींना आवडतो, आवडू दे. पण आस हवी असेल तर हेडला तेवढा ताण द्यावाच लागतो की घसरण संपून स्वर एका जागी उभा राहील. आणि ताण वाढवत नेला की एका बिंदूनंतर आवाज बारीक होऊन कोंडतो. या दोन टोकांमध्ये एक चिंचोळी पट्टी असते, तिथे शेल हाताला धरला तर तोही थरथरताना लागतो. तळहात शेलला लावून ठोका द्या. हातालाच कळेल.

आता काठी दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही उठा. फ्लोअर टॉमचा मूळ स्वर 80 हर्ट्झच्या आसपास धरला तर हवेतली त्याची एक लाट सव्वाचार मीटरहून लांब असते. आपल्या सरावाच्या बहुतेक खोल्यांत ती आडवी मावतही नाही. म्हणून ड्रमवाल्याच्या स्टुलावर जो टॉम बुटका वाटतो तो दारात उभं राहिल्यावर भरदार लागतो, आणि एखाद्या कोपऱ्यात नुसता घोंगावतो. भिंतीकडे जा, कोपऱ्यात जा, दारात उभे राहा. प्रत्येक जागी एक ठोका पूर्ण संपेपर्यंत ऐका. ऐकणारे लोक तुमच्या स्टुलावर बसत नाहीत.

शेवटी सगळा सेट परत मांडा आणि गाण्यात वाजवा. इथे पहिल्यांदाच प्रश्न येतो की मिळालेल्या आशीतली किती ठेवायची. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये पुरा एक सेकंद असतो, 120ला अर्धाच. दोन सेकंद घुमणारा टॉम संथ गाण्याला उभारी देतो आणि जलद गाण्यात चिखल करतो. बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला तो आपणहून गुणगुणायला लागला, तर त्याला अर्धा स्वर वर किंवा खाली न्या; दोघांचा स्वर एक झालेला असतो. लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमला 16 आणि 18 इंचांचे दोन फ्लोअर टॉम मोकळे घुमलेले हवे असत. रिंगो स्टारने बीटल्सच्या अखेरच्या काळात टॉमवर चक्क टॉवेल पसरले, आणि 1969चं ‘कम टुगेदर’ त्या दबलेल्या टॉमवर उभं आहे. दोघांचंही बरोबरच आहे. पण टॉवेल टाकायचा तो नीट लावलेल्या टॉमवर. बेसूर टॉम झाकायला टाकलेला टॉवेल बेसूरपणा झाकत नाही, फक्त आवाज कमी करतो.

आज इतकंच करा. नवं हेड लावलं असेल तर ते रात्रभरात ताण सोडून थोडं उतरेल. हे दरवेळी होतं, तुमचं काही चुकलेलं नाही. उद्या बसाल तेव्हा आधी खालच्या बाजूच्या आठ ठिकाणी टिचकी मारून पाहा, मग वरच्या. बहुतेक पाव फेऱ्यात काम होईल. आणि पायांखालचे ते तीन तुकडे कार्यक्रमाला जाताना घरी विसरू नका.